सगुणामावशीच्या हातचं पाणी

अंधेरी,
५ नोव्हेंबर १९७१

प्रिय मंजुळा,

अक्षर ओळखून तू हे पत्र बाजूला टाकशील, अशी मला धास्ती आहे. टाकू नकोस. आणि एक कर, शेवटचं पान आधी वाचू नकोस. शाळेत गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडायची खोड तुझी होती, आणि मग मला शेवट सांगून टाकायचीस. या वेळी तेवढी कळ काढ.

परवा तुझा भाऊ हरेश्वर येऊन गेला. मी चहा टाकते म्हटलं तर ओसरीवर टेकलासुद्धा नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, “बायनं इचारलंय, त्या दुपारी आईला तू तुमचं पानी घातलंस का? हो का नाय, येवढाच सांग.” मी म्हटलं, लिहून कळवते. त्याला वाटलं मी टाळतेय. त्याचा चेहरा पडला आणि तो तसाच निघून गेला. खरं म्हणजे एका शब्दाचं उत्तर आहे. पण नऊ वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि नऊ वर्षांनी माझ्याकडे एकच शब्द मागतेस, हे मला सोसत नाही. तो शब्द देईनच. पण त्याच्याआधीचं सगळं सांगून देईन.

तुझी आई आमच्या गावात पाटी घेऊन यायची तेव्हापासून सांगते. वेसाव्याहून चालत, सकाळी नऊच्या आत. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या गावठाणात तिची हाक ऐकल्याशिवाय कुणी मसाला वाटायला घेत नसे. पण मासे हे तिचं अर्धंच काम. गावातली निम्मी मुलं तिच्या हातावर जन्मली. मीसुद्धा. आई सांगायची, मी जन्मले तेव्हा सगुणा मला बघून म्हणाली होती, “रंग बोंबलाचा, पन आवाज पादऱ्याचा.” आवाज तसाच राहिला. त्यानेच पुढे घात केला.

तुला आठवतं का, त्या वेळचे म्हातारे फादर तिला शिकवायला आमच्या पडवीत यायचे? आमच्यात नियम असा, की मूल जगेल अशी आशा नसली आणि फादर पोचण्यासारखे नसले तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. देणारं माणूस ख्रिस्ती असलं पाहिजे असंही नाही. चर्चला जे हवंय ते करायची इच्छा पाहिजे, कपाळावर पाणी पडलं पाहिजे आणि शब्द बरोबर पाहिजेत. गावची सुईण कोळीण, म्हणून फादरांनी तिलाच शब्द पाठ करायला लावले. मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. ती मासे साफ करता करता घोकायची. आपण दोघी परकराच्या ओच्यात चिंचा घेऊन बसायचो आणि ती चुकली की खिदळायचो. एकदा सरावासाठी म्हणून तिने खऱ्याच पापलेटाला तांब्याने पाणी घातलं, आणि माझी आई आतून ओरडत आली, की सगुणे, आता हा मासा मी शुक्रवारी कसा गं तळू, हा तर आमच्यातला झाला! हसून हसून तुला ठसका लागला होता. त्या दिवसानंतर घोकताना तुझी आई कधी चुकली नाही. गावातल्या बायका बाळंतपणाला टेकल्या की दोन गोष्टींनी निर्धास्त असायच्या. सगुणा आहे, आणि सगुणाला शब्द येतात.

माझा अंतोन एकोणसाठच्या फेब्रुवारीत झाला. सातव्याच महिन्यात. दुपारची वेळ, त्याचा बाप जुझे चकाल्याला कारखान्यात, फादर वांद्र्याला गेलेले. तू तेव्हा सासरी मुलुंडला होतीस, तिसऱ्या दिवशी आलीस आणि माझ्याजवळ बसून राहिलीस. ते मी विसरलेले नाही. पण त्या दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो, मी आणि तुझी आई. मला ग्लानी आली होती. तिची पाठ तेवढी दिसत होती. ती वाकून काहीतरी करत होती, फुंकर घालत होती, चोळत होती, पुटपुटत होती. मग ती थांबली. बराच वेळ तशीच बसून राहिली. मी विचारलं, मावशी, पाणी? तेव्हा ती वळली आणि म्हणाली, “घातलंय गो बाय. नीज तू.”

त्या एका वाक्यावर मी पावणेचार वर्षं जगले. कसं ते तुला सांगितलं पाहिजे, कारण तुमच्यात ही भीती नाही. आम्हाला लहानपणी धर्मवर्गात शिकवलं होतं, की बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या लेकरांची जागा वेगळी. लिंबो म्हणतात तिला. तिथे दुःख नाही, पण देवाचं तोंडही दिसायचं नाही. कधीच नाही. आईबाप पुढे स्वर्गात गेले तरी ते लेकरू त्यांना भेटायचं नाही. अशा मुलांना पवित्र जमिनीत पुरतही नसत, भिंतीपलीकडे ताडांच्या रांगेत पुरत. माझ्या अंतोनला भिंतीच्या आत जागा मिळाली. जुझेने स्वतः रंधा मारून छोटा क्रूस केला. मी रोज संध्याकाळी रोझरीची माळ जपून झाल्यावर अंतोनला हाक मारून बोलायचे. तो वर आहे आणि त्याला सगळं ऐकू येतं, याची मला माझ्या हाताच्या बोटांइतकी खात्री होती.

मग क्लारा झाली, तीही तुझ्या आईच्याच हातावर. आणि बासष्टच्या दोन नोव्हेंबरला, आमच्या मृतांच्या दिवशी, मी मेणबत्त्या घेऊन अंतोनच्या थडग्याशी गेले तेव्हा क्लाराला कडेवर घ्यायला मावशी माझ्याबरोबर आली. मी दरवर्षी तिला तेच तेच विचारायचे. पाणी पडलं तेव्हा त्याने डोळे उघडले होते का गं? अंग शहारलं होतं का? ती दरवर्षी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. त्या वर्षी तिने क्लाराला खाली ठेवलं, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “पानी नाय घातलं बाय. येका हातात त्याचं त्वांड व्हतं, दुसऱ्यानं छाती चोळीत व्हते. सास लागतोय का बगत व्हते. हात दोनच गो माजे. तांब्या धरला असता तर पोराला सोडावं लागलं असतं. मग तो गेलाच. गेल्यावर पानी घालून काय?”

आणि मग हळूच म्हणाली, “देवाला त्याची वळख नसंल व्हय?”

मंजुळा, आज ते वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे. तेव्हा मी ते ऐकलंच नाही. मला एवढंच ऐकू आलं, की माझा मुलगा पावणेचार वर्षं तिथे आहे जिथे कुणी त्याला भेटणार नाही, आणि मी इथे वेड्यासारखी त्याच्याशी बोलत बसलेय. मी तशीच फादरांकडे गेले. म्हातारे फादर वारले होते, हे त्यांच्यानंतरचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, थडगं हलवायचं नाही, मूल आहे तिथेच राहील, आणि घरी जा, याबद्दल कुणाशी बोलू नकोस. अगदी स्पष्ट सांगितलं होतं, कुणाशी बोलू नकोस म्हणून. हे तुला कुणी सांगितलं नसेल. गावात पुढे सगळे म्हणाले, फादरांनी मावशीवर बंदी घातली. खोटं आहे. फादरांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी गप्प राहिले नाही.

रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांशी मावशी पाटी घेऊन बसली होती. सगळ्या बायकांच्या देखत मी तिला खोटारडी म्हटलं. माझा पादऱ्याचा आवाज सगळ्या आवारात ऐकू गेला. म्हटलं, हिने माझ्या पोराचा स्वर्ग बुडवला. ती पाटीवरचं फडकं सारखं करत राहिली. आणि मग जे व्हायचं ते झालं. ज्या ज्या बाईचं मूल मावशीच्या पाण्यावर गेलं होतं ती ती घाबरली. ज्यांची मुलं जगली होती त्यांनी आठवड्याभरात सात मुलांना पुन्हा देवळात आणलं आणि अटीवरचा बाप्तिस्मा करून घेतला, म्हणजे आधी झाला नसेल तर आता होवो असा. त्यात दहा वर्षांचे घोडेसुद्धा होते, लाजून लाल झालेले. मावशी त्या दिवशी रस्त्यापलीकडे उभी होती म्हणतात. नंतर ती हरेश्वरला म्हणाली होती, माझ्या हातचं पानी धुवून काढलं त्यांनी. ते हरेश्वरनेच मला यंदा सांगितलं.

त्यानंतर तिला आमच्यातल्या कुणी बाळंतपणाला बोलावलं नाही. मासेही कुणी घेईनात. चार-सहा दिवस ती आली, हाका मारल्या, आणि भरलेली पाटी घेऊन परत गेली. मी दाराआड उभी राहून त्या हाका ऐकायचे. मग ती यायची थांबली. तू मुलुंडहून माझ्याकडे आलीस, दार वाजवलंस, रेजू रेजू म्हणून दहा मिनिटं हाका मारल्यास. मी आतून कडी घातली होती. क्लारा रडत होती म्हणून मी घरात आहे हे तुला कळत होतं. ते दार मी उघडलं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

चौसष्टच्या डिसेंबरात पोप मुंबईला आले, तेव्हा मी पार्ल्याच्या रस्त्यावर क्लाराला घेऊन उभी होते. सगळ्या जातींची माणसं लोटली होती. समोरच्या बाजूला तुझी आई होती. टाचा उंच करून बघत होती. गाडी गेली तेव्हा तिने हात जोडले, अगदी वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत जोडायची तसे. मग तिला मी दिसले. ती हसली, मंजुळा. दोन वर्षांनी दिसले म्हणून हसली. आणि मी मान फिरवली.

आता आमच्याकडे मिस्सा मराठीत असते, तुला कळलं असेल. तीन वर्षांपूर्वी एक तरुण फादर आले. त्यांनी एका रविवारी सांगितलं, की ख्रिस्ताने दिलेलं तारण सगळ्या लोकांसाठी आहे, ज्यांनी त्याचं नाव ऐकलं नाही आणि तरी मनापासून चांगलं केलं, त्यांनाही देव आपला म्हणतो. रोममध्ये सगळ्या बिशपांनी बसून तसं लिहिलं आहे. शेजारच्या बायका माना डोलावत होत्या. मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. मी मिस्सा संपल्यावर त्यांना गाठलं आणि म्हटलं, हे आत्ता सांगता? बासष्ट साली कुठे होता तुम्ही? बिचारे गोंधळले. त्यांना माझं काहीच ठाऊक नव्हतं. मग मी सगळं सांगितलं आणि विचारलं, माझा अंतोन कुठे आहे? ते म्हणाले, मला ठाऊक नाही, पण लेकरांना माझ्याजवळ येऊ द्या असं जो म्हणाला त्याच्या दारात तुमचं लेकरू अडलं असेल, असं माझ्याने मानवत नाही. मी घरी येऊन खूप रडले. मावशी उकिडवी बसून हेच तर म्हणाली होती, आणि तिला कुठल्या बिशपाने सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात वेसाव्याला जायला हवं होतं. गेले नाही. आज जाते, उद्या जाते करत तीन वर्षं काढली. कारण काय सांगू, लाज वाटत होती. माणूस रागावर जितकी वर्षं काढतं तितकीच लाजेवरही काढतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग नवरात्र संपल्यावर हरेश्वर आला. आई आता राहत नाही, सारखी रेजू रेजू करते, म्हणाला. मी निघाले. आणि निघताना, मंजुळा, मी एका औषधाच्या बाटलीत देवळातलं पवित्र पाणी भरून घेतलं. हे कबूल करायला जीव जातोय. फादरांचं सगळं पटलं होतं मला. पण लहानपणी पोटात शिरलेली भीती एका प्रवचनाने जात नाही. वाटलं, फादरांचं चुकत असेल तर? मोठ्या माणसाला त्याच्या मर्जीशिवाय बाप्तिस्मा होत नाही, हेसुद्धा मला पाठ होतं. तरीही बाटली भरली. कुणाला विचारलं नाही. वाटलं, तिने माझ्या पोराला जे दिलं नाही ते मी तिला देईन, आणि मग आमच्यात काही उरणार नाही.

मला बघून तू दारातून बाजूला झालीस आणि आत घेतलंस. डॉक्टरकडून औषध आणते म्हणून आईला माझ्यावर सोपवून गेलीस. मला ते लागलं, की इतकं होऊन तू मला तिच्याजवळ एकटी ठेवलीस. आणि तू परत आलीस तेव्हा काय पाहिलंस? माझ्या हातात बाटली, तिचं कपाळ ओलं, उशी ओली. तू म्हणालीस, बाटवलंस माझ्या आईला, आणि मला दंडाला धरून बाहेर काढलंस. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मी सुकत घातलेल्या माशांच्या वलांडीमागे उभी राहून तिला नेताना पाहिलं. पुढे यायची हिंमत झाली नाही.

आता त्या पंधरा मिनिटांचं सांगते. मी बाटलीचं बूच काढलं. तिचे डोळे मिटलेले होते. मी ‘मी तुला पित्याच्या’ एवढं म्हटलं आणि तिने डोळे उघडले. ते शब्द तिच्याइतके कुणाला ठाऊक? तिने माझ्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं. रागावली नाही. तिचे ओठ फुटले होते, जीभ कोरडी ठणठणीत. म्हणाली, “तान लागलीय गो.” माझ्या एका हातात तिचं डोकं होतं आणि दुसऱ्यात बाटली. तिथे ना चमचा, ना वाटी. आणि पाणी तेवढंच होतं, दोन घोट. ते कपाळावर घालायचं की तोंडात, हे मला ठरवावं लागलंच नाही. मी ते तिला पाजलं. शब्द अर्धेच राहिले. तिला ठसका लागला, निम्मं उशीवर सांडलं. मी ओल्या हातानेच तिचं कपाळ पुसलं. तेवढंच. हात दोनच गो माजे, असं ती म्हणाली होती ना, ते मला त्या क्षणी कळलं. नऊ वर्षं लागली.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. मी तुझ्या आईला बाप्तिस्मा दिला नाही. ती आली तशीच गेली, तुमच्या देवांची, तुमच्या घराची, वेसाव्याची. याबद्दल मनात किंतु ठेवू नकोस. पण पाणी पिऊन झाल्यावर ती आणखी एक बोलली. म्हणाली, “पोराला पानी घालायचं ऱ्हायलं गो बाय.” म्हणजे इतकी वर्षं ती ते उराशी घेऊन होती. मंजुळा, मी तिला म्हटलं, नाही राहिलं मावशी, तू घातलंस, मी बघितलं, नीज तू. मी खोटं बोलले. तिने माझा हात दाबला आणि डोळे मिटले. मग तू आलीस.

आमच्यात नोव्हेंबरभर मृतांची यादी वेदीपाशी ठेवतात. ज्याने त्याने आपल्या घरच्या गेलेल्यांची नावं कागदावर लिहून द्यायची, आणि रोजच्या मिस्सेत त्यांच्यासाठी प्रार्थना होते. मी फादरांना विचारलं, सगुणा लिहिलं तर चालेल का? ते म्हणाले, लिहा की, पण आधी तिच्या मुलीला विचारा. म्हणून हे पत्र. एकदा मी न विचारता बाटली भरली, आता न विचारता काही करायचं नाही. माझ्या कागदावर आईचं नाव आहे, बाबांचं आहे, अंतोनचं आहे, आणि अंतोनच्या खाली एक ओळ मोकळी सोडली आहे. तो भेटला तर तिलाच आधी भेटेल, त्याला पहिलं हातात घेणारी तीच ना. तू नको म्हणालीस तर ओळ तशीच राहू दे, मी रागावणार नाही. हो म्हणालीस तर हरेश्वरकडे निरोप दे. आणि स्वतः आलीस तर दाराला कडी नसेल.

तुझीच, तू म्हणू देशील तर,
रेजू